‘तो येईपर्यंत’: प्रभुभोजनातली वाट पाहणी

चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेताना ख्रिस्ती लोक येशूच्या मरणाची आठवण करतात, हे अनेकांना माहीत असतं. पण या विधीला मुदतही आहे: येशू परत येईपर्यंत. ती सापडते प्रेषित पौलानं इ.स. ५५च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात.

विषय निघाला तो मात्र एका तक्रारीवरून. तेव्हा प्रभुभोजन म्हणजे घरात जमून केलेलं खरंखुरं जेवण असे. करिंथमध्ये काही जण आधीच खाऊन-पिऊन घेत, कुणाला तर नशाही चढे. ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी. पौल संतापला. याला प्रभुभोजन म्हणताच येणार नाही, असं त्यानं सुनावलं आणि उपाय अगदी घरगुती सांगितला: जेवायला जमलात की एकमेकांसाठी थांबा. प्रभूची वाट पाहणाऱ्यांना शेजारच्यासाठी थांबवत नव्हतं!

त्याच पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ हा अरामी शब्द येतो. तो कुठे तोडता त्यावर अर्थ ठरतो: ‘आमचा प्रभू आला आहे’ किंवा ‘आमच्या प्रभू, ये’. बहुतेक अभ्यासक दुसरा अर्थ घेतात. पत्र ग्रीकमध्ये, तरी पौलानं हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला. म्हणजे अरामी बोलणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची ही हाक करिंथकरांच्याही ओळखीची असावी.