बुर्ज खलिफाचा खापरपणजोबा

लांबी ५४ मीटर, रुंदी १२ मीटर, मजले ५. आज एखाद्या तालुक्याच्या गावातही या आकड्यांकडे कुणी मान वर करून पाहणार नाही. पण इंग्लंडमधल्या श्रूझबरीची ही गिरणी १७९७ची आहे. पाचही मजले जमिनीवर शेजारीशेजारी अंथरले, तर साधारण ३५,००० चौरस फूट भरतील. चाळीतल्या १० बाय १२ च्या जवळजवळ २९० खोल्या! आणि आतला बराचसा भार भिंतींवर नाही, ओतीव लोखंडाच्या सडपातळ खांबांच्या तीन रांगांवर.

गिरणी जवसाच्या सुताची. हो, ज्याची आपण चटणी करतो तेच जवस. त्याच्या देठाच्या धाग्याचं लिनन होतं. त्या काळच्या गिरण्यांत तुळया लाकडाच्या, जमीन लाकडाची, त्यावर सांडलेलं तेल, हवेत तंतू आणि उजेडाला उघडी ज्योत. १७९६ मध्ये याच मालकांची लीड्सची गिरणी जळाली. मग श्रूझबरीत चार्ल्स बेज यांनी जमिनीतून आणि छपरातूनही लाकूडच हद्दपार केलं. लोखंडी खांबांवर लोखंडी तुळया, आणि दोन तुळयांमध्ये विटांची कमान. कमानीवर सपाटी केली की वरच्या मजल्याची जमीन तयार. बेज हे मूळचे दारूचे व्यापारी!

यातला एक खांब जवळून पाहा. आडवा छेद अधिकच्या खुणेसारखा, आणि मध्यावर पोट किंचित सुटलेलं. उंच, बारीक खांब वरच्या ओझ्यानं मध्येच वाकायला बघतो. म्हणून लोखंड वाढवलं तेही तिथेच, बाकी काटकसर. विटांचंही तसंच. कर विटेच्या आकारावर नव्हता, नगावर होता. म्हणून विटा नेहमीपेक्षा मोठ्या पाडल्या.

बाहेरच्या भिंती मात्र अजून भार वाहत होत्या. त्यातलं बरंचसं ओझं त्यांच्या खांद्यावरून उतरवून सांगाड्यावर टाकणारी शिकागोतली एक १० मजली इमारत १८८५ मध्ये उभी राहायला आणखी ८८ वर्षं लागली. आणि श्रूझबरीपासून २१३ वर्षांनी दुबईत बुर्ज खलिफा: १६३ मजले, ८२८ मीटर. गिरणी आडवी होती तशीच सरळ उभी केली, तर बुर्जच्या शेंड्याला पोचायला तशा १५ गिरण्या एकीवर एक रचाव्या लागतील, आणि तरी १८ मीटर कमीच पडतील.

सूतकताई १८८६ मध्ये थांबली. मग तिथे बिअरसाठी बार्ली भिजवून मोड आणू लागले, त्यासाठी बऱ्याच खिडक्या विटांनी बुजवल्या. १९८७ मध्ये तेही बंद पडलं. २०२२ पासून दुरुस्त झालेली गिरणी लोकांना पाहता येते. खांब अजून ओझं घेऊनच उभे आहेत.