यंत्राला जस्त दिसत नाही

शिसे-जस्ताच्या शोधाची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आता उपग्रह आहेत, यंत्रं आहेत, जमिनीखाली काय आहे ते सरळ दिसतं.’ चांगली शिकलेली माणसंही हे ठामपणे सांगतात. मग पुढचा प्रश्न ठरलेला, दिसतंय तर काढत का नाहीत?

दिसत नाही, म्हणून. उपग्रहाला फार तर जमिनीचा वरचा पापुद्रा कळतो. खडकावर माती किंवा पीक असेल तर फक्त तेच. भूभौतिक सर्वेक्षणाची यंत्रं खोलवरची माहिती देतात, पण ती धातूची नसते, खडकाच्या गुणधर्मांची असते: वीज किती वाहते, घनता किती, चुंबकत्व किती. त्या आकड्यांवरून खाली काय असेल याचा अंदाज माणूस बांधतो, आणि एकाच आकड्याला अनेक उत्तरं चालतात.

जस्ताने तर ही अडचण दुप्पट केली आहे. त्याचं मुख्य खनिज स्फॅलेराइट वीज फारशी वाहूच देत नाही. म्हणून ‘आयपी’ (प्रेरित ध्रुवीकरण) पद्धत वापरतात. जमिनीत इलेक्ट्रोड रोवून प्रवाह सोडायचा, तो तोडायचा आणि मागे उरलेला विद्युतदाब किती सावकाश ओसरतो ते मोजायचं. या मोजणीत उठून दिसतात ती जस्तासोबत असणारी पायराइट, पायरोटाइट, गॅलेना ही खनिजं. आणि ग्रॅफाइटही! राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यातलं रामपुरा-आगुचा हे जगातल्या मोठ्या जस्तसाठ्यांपैकी एक. तिथलं धातुक ज्या खडकात आहे त्यातच ग्रॅफाइट आहे. म्हणजे धातुक असलेला भाग आणि नुसता ग्रॅफाइटचा रिकामा खडक, दोन्ही या मोजणीच्या नकाशावर सारखेच झळकू शकतात. हा साठा १९७७मध्ये राज्याच्या खाण व भूविज्ञान विभागाच्या नजरेस आला तो जमिनीवरच्या खुणांमुळे. सल्फाइड खनिजं कुजून वर राहिलेलं गंजक्या लोखंडी खडकाचं टोपण, ज्याला भूवैज्ञानिक गोसान म्हणतात, तिथे उघड्यावर होतं. अशा ठिकाणी पायी फिरणाऱ्या माणसाचं काम यंत्र करू शकत नाही.

वीज फसवते तिथे गुरुत्वमापन मदतीला येतं. साध्या खडकाची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, स्फॅलेराइटची ४ पट, गॅलेनाची साडेसात पट. जड वस्तू खाली असेल तर गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं. पण खाली अँफिबोलाइटसारखा जड खडक असला तरीही ते वाढतं. म्हणून विद्युत, गुरुत्व, चुंबकीय असे नकाशे एकमेकांवर ठेवून, मातीच्या नमुन्यांचं रसायन तपासून, मगच भोक कुठे पाडायचं ते ठरतं.

आणि ते भोक म्हणजे आपल्या शेतातलं बोअर नव्हे. बोअरवेलचा हातोडा खडकाचा चुरा करतो. इथे हिऱ्यांचे कण बसवलेला पोकळ बिट फिरतो आणि मधून खडकाचा अखंड दांडा, म्हणजे कोअर, वर येतो. तो ओळीने खोक्यांत मांडतात, उभा कापतात. एक अर्धा प्रयोगशाळेत जातो, दुसरा पुढच्या तपासणीसाठी जपतात. खाली जस्त आहे हे पहिल्यांदा कळतं ते इथे.

तरीही ‘एका बोअरमध्ये लागलं, साठा सापडला’ हा मथळा छापू नये. धातुकाचा थर बहुधा कललेला असतो. भोक त्याला तिरकं छेदत गेलं तर चार मीटरचा थर कोअरमध्ये दहा मीटरचा दिसतो. आसपास ठरावीक अंतरावर भोकं पाडून थर जोडावा लागतो. २०१५च्या केंद्रीय नियमांनी शोधाचे जी-४ ते जी-१ असे चार टप्पे घातले आहेत ते यासाठीच.

‘रिग (भोक पाडणारं यंत्र) आली म्हणजे खाण आली’ हेही खरं नाही. शोधाची परवानगी वेगळी, खाणपट्टा वेगळा, आणि बहुतेक शोध खाणीपर्यंत पोहोचतच नाहीत. मात्र शोधकामात शेताचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. खनिज कायद्याच्या कलम २४-अ मध्ये हा हक्क आहे, तो सोडू नये.

‘पूर्वजांनी सगळं काढून नेलं’ हा आणखी एक गैरसमज. उदयपूरजवळच्या झावरला मध्ययुगात जस्ताचं ऊर्ध्वपातन होत असे, त्या मुशींचे ढीग आजही आहेत; आणि तिथल्या खाणीही चालू आहेत. जुन्या खाणकामाच्या खुणा शोधकाला वाटाड्याच ठरतात.

आणि शेवटचा गैरसमज, ‘महाराष्ट्रातही खोल गेलं की मिळेल.’ राज्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली आहे आणि त्या लाव्हात शिसे-जस्ताचे साठे नाहीत. शोधायचंच तर विदर्भातल्या जुन्या रूपांतरित खडकांत. नागपूर जिल्ह्यात कोलारी परिसरात जस्ताची नोंद झाली आहे ती अशाच खडकांत.