प्राचीन युरोपचे राजे व आख्यायिका – लेखांक सातवा : शार्लमेन आणि लट्टलूरचे अधीश्वर

इ. स. ८०० च्या नाताळात रोम येथे पोपच्या हस्ते फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या मस्तकी सम्राटपदाचा मुकुट चढला, तेथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. २८ जानेवारी ८१४ रोजी आखेन येथे तो निवर्तला, आणि त्याच वर्षी दक्षिणेत राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाच्या पश्चात त्याचा अल्पवयीन पुत्र अमोघवर्ष गादीवर आला. हिमायतनगरच्या वाचकांपुढे फ्रँकांची कथा सांगताना आपल्याच मुलखातील या राजवंशास वगळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण ज्या घराण्याने 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरवले, त्याचे ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर होय, असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि नांदेड जिल्ह्यातील कंधारचा जगत्तुंगसागर आजही त्या घराण्याचे नाव धारण करून आहे.

सामंतांच्या बंडाळीत बाल अमोघवर्षाचे सिंहासन काही काळ गेले. गुजरातेतील चुलतबंधू कर्क याने ते त्यास परत मिळवून दिले, आणि पुढे त्याची कारकीर्द साठ वर्षांहून अधिक चालली. शार्लमेन उतारवयात लिहावयास शिकू पाहत होता, त्यासाठी उशीखाली पाट्या ठेवीत असे, आणि तरीही त्याचा हात अक्षरांवर बसला नाही, असे त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. अमोघवर्षाच्या दरबारात मात्र 'कविराजमार्ग' हा कन्नड काव्यशास्त्रावरील ग्रंथ सिद्ध झाला.

आख्यायिकांच्या बाबतीतही एक भेद मला फार मोलाचा वाटतो. शार्लमेन उंटर्सबर्ग पर्वताच्या उदरात निद्रिस्त असून एके दिवशी जागा होईल, ही कथा त्याच्यानंतर कित्येक शतकांनी लोकांच्या तोंडी रुळली. अमोघवर्षाची कथा त्याच्या हयातीतच ताम्रपटावर कोरली गेली. लोकांवर आलेले अरिष्ट टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीस अर्पण केले, असे शके ७९३ चा संजान ताम्रपट सांगतो, आणि शिबी, दधीची यांच्या त्यागाशी त्याची तुलना करतो. जमिनीच्या दानाची सनद लिहिताना राजाच्या छिन्न बोटाची नोंद करावीशी वाटणे, यातच त्या काळच्या राजधर्माची कल्पना दिसते.

इ. स. ८५१ च्या सुमारास सिद्ध झालेल्या, सुलेमान व्यापाऱ्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अरबी वृत्तांतात जगातील चार थोर राजे गणले आहेत : बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा) बादशहा आणि 'बल्हरा', म्हणजे वल्लभराज राष्ट्रकूट. दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या त्या गणनेत युरोपातून कॉन्स्टँटिनोपलच्या अधिपतीस स्थान मिळाले. शार्लमेनच्या वंशजांस मिळाले नाही. त्या वंशजांच्या राज्यावर कोणते संकट कोसळले होते, हे पुढील लेखांकात, इ. स. ८४५ मध्ये सेन नदीतून पॅरिसवर चालून गेलेल्या नॉर्स दर्यावर्द्यांच्या हकिकतीत पाहू.