ऑर्किडला मराठवाड्याचे ऊन मारत नाही

'ऑर्किड म्हणजे सिक्कीमचे, केरळचे फूल. नांदेड-लातूरच्या बेचाळीस अंशांत ते कसले जगते?' हा समज इतका पक्का आहे की इथले अनेक बागप्रेमी ऑर्किडच्या वाटेलाच जात नाहीत. वस्तुस्थिती उलट आहे. व्हँडा टेसेलाटा ही सुगंधी आमर मुळात कोरड्या पानझडी जंगलातलीच. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडच्या वनपट्ट्यात ती झाडांच्या फांद्यांवर वाढते आणि ऐन उन्हाळ्यात फुलू लागते. हिरवट-पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधोमध जांभळट-निळी पाकळी आणि गोड वास. जाड पाने आणि मुळांवरचे पाणी शोषणारे पांढरे आवरण यांच्या जोरावर ती मे महिना काढते. आपल्याकडे उन्हाळ्यात दगावते ते बहुधा भेट म्हणून आलेले फॅलेनॉप्सिस, आणि त्यावरून साऱ्या ऑर्किडना नावे ठेवली जातात. दुकानातल्या बहुतेक संकरित फॅलेनॉप्सिसना वासही नसतो. सुगंध हवा असेल तर रोप घेताना जात विचारावीच.

झाडावर वाढते म्हणून पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून खरवडून काढतात, याचे फार वाईट वाटते. बांडगूळ फांदीत शिरून झाडाचे पाणी आणि खनिजे ओढते. आमर सालीला नुसती धरून राहते. पाऊस, दव आणि सालीच्या खाचांत कुजलेला पाचोळा यांवर तिचे भागते.

म्हणूनच कुंडीत काळी माती आणि शेणखत भरून तिला लावणे म्हणजे तिचा श्वास कोंडणे. या मुळांना हवा लागते. लाकडी जाळीची टांगती टोपली आणि तिच्यात कोळशाचे, विटांचे खडे एवढे पुरे. अंगणात आंबा असेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर रोप सुती चिंधीने फांदीला बांधावे. पावसाळाभरात मुळे साल धरू लागतात.

पाण्याचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर आले. त्या शहरात फुलझाडाला रोज पाणी घालणे अनेकांच्या जिवावर येते, ते साहजिकच आहे. पण टोपलीतल्या रोपाला उन्हाळ्यातही रोज तांब्याभर पाणी पुरते. प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा नाही, त्यातल्या क्षारांचा आहे. जड बोअरच्या पाण्याने मुळांची कोवळी टोके करपतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे. ऑर्किडला मात्र ते कधीही घालू नये, कारण गाळून काढलेले क्षार त्यातच असतात. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणीही नको. वाफ होऊन जाते पाणी, क्षार मागे राहतात. गच्चीवरचे साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. नाहीतर एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी चालते. कूलरची ओलसर हवा मात्र तिला मानवते. तहान ओळखायची खूण मुळांवरच आहे: कोरडी मुळे चंदेरी दिसतात, भिजली की हिरवी होतात.

'फुले येत नाहीत' ही तक्रार बहुधा दिवाणखान्यात ठेवलेल्या रोपांची असते. व्हँडाला भरपूर उजेड लागतो. पूर्वेची गॅलरी उत्तम. दुपारच्या उन्हापुरती हिरवी जाळी लावावी. ठिबकसाठी शेतकऱ्याच्या घरी असणारे १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही वाढीच्या दिवसांतच. फूल उमलले आणि वास आला नाही तर निराश होऊ नये. परागीभवन करणारे कीटक ज्या वेळी फिरतात त्या वेळी अनेक ऑर्किड वास सोडतात. व्हँडाचा वास दिवसा घ्यावा.

एक समज मात्र थेट जंगलाच्या मुळावर येतो: किनवटला गेलो की एक रोप उपटून आणू, जंगलात भरपूर आहेत. एका शेंगेत धुळीसारख्या हजारो बिया असतात हे खरे, पण त्या बियांत अन्नसाठाच नसतो. ठराविक बुरशीची साथ मिळाली तरच त्यातली एखादी रुजते आणि फुलायला पुढे काही वर्षे जातात. त्याच भागातल्या पैनगंगा अभयारण्यातून रोप काढणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली रोपे रोपवाटिकांत मिळतात. कोवळे रोप घ्यायचेच तर जूनमध्ये घ्यावे, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यापूर्वी मुळे धरायला त्याला अख्खा पावसाळा आणि हिवाळा मिळतो.