सारवलेल्या जमिनीखाली

नाईलकाठी नुरी इथं नुबियाचा राजा तहार्का पिरॅमिडखाली विसावला, तेव्हा त्याच्या सेवेसाठी हजारावर छोट्या दगडी मूर्ती सोबत ठेवल्या गेल्या. त्याच्या काही दशकं आधी, इ.स.पू. ७०० च्या सुमारास, पुणे जिल्ह्यातलं इनामगाव ओस पडलं होतं. इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली ठेवली ती बहुतेक आपली पोरं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेली ही वस्ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून अनेक हंगाम खणली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली आला. इ.स.पू. १६०० पासूनची नऊ शतकं त्यात उलगडतात.

मूल दगावलं की घरातच खड्डा खणायचा. दोन करडे माठ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल. शेजारी लहान भांडी. वर माती लोटली की त्याच जमिनीवर संसार पुन्हा सुरू. मोठ्या माणसांना उत्तरेकडं डोकं करून आडवं पुरत, पण घोट्याखालची पावलं तोडून. मेलेला भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून, असं ढवळीकर म्हणत. मला त्यात भीतीइतकीच मायाही दिसते. ज्याला घरातच ठेवलं, त्यानं घर सोडू नये.

अपवाद एकाचा. अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात, चाळिशीचा एक पुरुष बसवलेला सापडला. पावलं शाबूत. सोबतच्या भांड्यावर नाव रंगवलेली. मान त्याचा मोठा असणार.

सगळ्यात विलक्षण वस्तू मात्र एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली निघाली. कच्च्या मातीची लंबगोल डबी, तिच्यात एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्री, तिला डोकंच नाही, आणि जवळ एक बैल. डोकं नसलेल्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीवरही भोक. मधे काडी घातली की देवी बैलावर स्वार होते. पूजेपुरती जोडायची आणि मग पुरून टाकायची, अशीच ती घडवलेली दिसते. न भाजलेली माती तीन हजार वर्षं टिकली, ती पुरली होती म्हणूनच.

डेक्कन कॉलेजच्या सुभाष वाळिंबे यांनी जॉन लुकाक्स यांच्यासह इथले सांगाडे तपासले. कित्येक मुलांच्या दातांच्या लुकणावर खाचा होत्या. आजारपण नाहीतर उपासमार झाली की दाताची वाढ अडते, त्याची ती खूण. शेवटच्या शतकांत पाऊस हटला, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शिकारीवर भिस्त वाढली. तरीही मेलेल्या पोरासाठी दोन माठ काढले जातच होते.