खारपाण पट्टा: टीडीएस मीटर जे सांगत नाही

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

समजा, तुमचं शेत दर्यापूरकडे नाहीतर मूर्तिजापूरकडे आहे. हरभऱ्याला एक पाणी हवंय आणि बाबा म्हणतात, "बोअर मारून टाकू." जरा थांबा. आपण पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात आहोत. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात बोअरला पाणी लागतं, पण बहुतेक ठिकाणी खारं.

कुणी म्हणेल, टीडीएस मीटर बुडवून बघू की! बघा, पण तो फक्त एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार विरघळले की त्यांचे आयन होतात, म्हणजे विद्युतभार असलेले कण. मातीला फरक पडतो तो कोणता आयन किती आहे, याने.

सोडियम आणि कॅल्शियमच घ्या. दोन्ही आयन आकाराने जवळपास सारखे, त्रिज्या साधारण १ अँगस्ट्रॉम. पण सोडियमवर धन भार १, कॅल्शियमवर २. काळ्या मातीचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. कॅल्शियम त्यांना घट्ट धरून ठेवतो. सोडियमची पकड ढिली. पापुद्रे सुटतात, मातीची छिद्रं बुजतात. मग पावसात नुसता चिखल, उन्हात दगड, आणि पाणी खाली मुरतच नाही.

इथे सोडियम वाढतो कसा? पाऊस बेताचा, ऊन कडक. मातीतलं पाणी उडत जातं तसा कॅल्शियम कार्बोनेटशी जुळून चुनखडी होतो आणि पाण्यातून बाहेर पडतो. सोडियम मागे उरतो. त्यात तेच बोअरचं पाणी वर्षानुवर्षं दिलं, की सोडियमची भर पडतच जाते.

उपाय याच रसायनशास्त्रात आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम मातीवरच्या सोडियमची जागा घेतो. पण सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याने वाहून जायला हवा. शेतात निचरा नसेल, तर जिप्समचे पैसे वाया. ओलितासाठी शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी केव्हाही बरं.

तर बोअरआधी शेजारच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि रिपोर्टमध्ये 'एसएआर' बघा. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा असेल, तर बाबांना हा भाग ऐकवा. बोअरचा खर्च एकदाच होतो. बिघडलेली माती सुधारायला वर्षं जातात.

भेटू पुढच्या भागात!