कैदेतल्या राजाची गाणी

इंग्लंडचा पहिला रिचर्ड, ज्याला 'सिंहहृदयी' म्हणतात, तो ११८९ ते ११९९ अशी दहा वर्षं गादीवर होता. त्यातले जेमतेम सहा महिने तो इंग्लंडात राहिला. बाकीचा काळ तिसरं क्रुसेड, फ्रान्समधल्या लढाया आणि एका लांबलेल्या कैदेत गेला. आठशे वर्षांत त्याच्यावर रचलेलं संगीत एकापाठोपाठ एक ऐकत गेलं की जाणवतं, क्रुसेडमध्ये अक्रे शहर जिंकणारा, सलादिनला भिडलेला योद्धा संगीतकारांना फारसा खुणावत नाही. त्यांना ओढ आहे ती परक्या किल्ल्यात अडकलेल्या, कुणीतरी सोडवायला येईल म्हणून वाट पाहणाऱ्या रिचर्डची. आणि त्या वाटेवर पहिलं गाणं खुद्द त्यानंच रचून ठेवलं आहे.

गाणं त्याच्या घरातच होतं. आई एलिनोर ही अ‍ॅक्विटेनची. तिचे आजोबा नववे विल्यम हे ज्यांची रचना आज उपलब्ध आहे असे सर्वांत जुने त्रुबादूर, म्हणजे दक्षिण फ्रान्सचे दरबारी कवी-गायक. रिचर्डचं तारुण्यही तिथंच गेलं. क्रुसेडहून परतताना, डिसेंबर ११९२ मध्ये, वेष पालटून चाललेला असताना तो व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डच्या हाती सापडला. अक्रेच्या तटावरून रिचर्डच्या माणसांनी लिओपोल्डचं निशाण खाली फेकलं होतं. तो राग शिल्लक होताच. डॅन्यूबकाठच्या ड्युर्नस्टाइन किल्ल्यात त्याला ठेवलं, पुढे सम्राट सहाव्या हेन्रीच्या ताब्यात दिलं आणि खंडणी ठरली दीड लाख मार्क. सुटका झाली ४ फेब्रुवारी ११९४ ला.

या कैदेत त्यानं रचलेलं गाणं जुन्या फ्रेंचमध्ये आहे, दक्षिणेच्या ऑक्सितान भाषेतही आहे, आणि चालीसकट हस्तलिखितांत टिकलं आहे. सहा कडवी. दोन हिवाळे इथं काढले, मित्र पुष्कळ पण देणारा हात कुणाचाच नाही, ही त्याची तक्रार. सावत्र बहीण मारी, शॅम्पेनची काउंटेस, हिला ते उद्देशलेलं आहे. रचना नीट पाहण्यासारखी आहे. कडव्याच्या पाच ओळी लांब, सहावी एकदम आखूड, आणि ती दर वेळी 'कैदी' याच शब्दावर येऊन थांबते. चाल वर चढू पाहते आणि तिथं पोचली की आवरती होते. स्वरलिपीत स्वरांची उंची कळते, लय कळत नाही. त्यामुळे आजचा गायक ती कधी जवळजवळ बोलल्यासारखी गातो, कधी ठेक्यात. मला पहिला प्रकार खरा वाटतो.

या तक्रारीवर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नये. खंडणीसाठी इंग्लंडातल्या लोकांच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा चौथा हिस्सा वसूल झाला, चर्चमधली सोन्याचांदीची भांडी गेली, मठांची लोकर गेली. देणारे देत होते. आणि अक्रेला ऑगस्ट ११९१ मध्ये याच राजाच्या हुकमानं सुमारे २,७०० मुस्लिम कैद्यांची कत्तल झाली. त्यांना सोडवायला कुणी पोचलं नाही, आणि पुढच्या कुठल्याही रिचर्ड-संगीतात त्यांचा साधा उल्लेखही मला सापडलेला नाही. ही उणीव मला फार बोचते.

फ्रान्समधल्या शालूच्या वेढ्यात बाण लागून ६ एप्रिल ११९९ ला तो गेला. गोसेल्म फैदी या त्रुबादूरनं त्याच्यावर विलापगीत रचलं. त्याचीही चाल उपलब्ध आहे. आश्रयदाता गमावलेल्या कलावंताचं ते दुःख आहे, आणि ते अस्सल आहे.

मग सुमारे १२६० च्या एका गद्य इतिहासकथेत ब्लॉन्देल अवतरतो. राजाचा हा गायक किल्ल्याकिल्ल्यांतून हिंडतो, दोघांनाच ठाऊक असलेलं गाणं तटाआडून ऐकतो आणि मालकाचा ठावठिकाणा शोधतो. ब्लॉन्देल द नेल नावाचा कवी खरोखर होऊन गेला, पण त्यानं राजाला शोधल्याचा समकालीन पुरावा नाही. राजाच्या गाण्यात जो मित्र नव्हता, तो दंतकथेनं साठ-सत्तर वर्षांनी पुरवला.

हँडेलला ही कथा लागली नाही. 'रिकार्दो प्रीमो' हा त्याचा ऑपेरा ११ नोव्हेंबर १७२७ ला लंडनमध्ये रंगमंचावर आला, दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकानंतर महिन्याभरात. कथानक सायप्रसचं: वादळात फुटलेली जहाजं, जुलमी इसाक, राजाची वाग्दत्त वधू. सेनेसिनो, कुझोनी, फाउस्तिना असे त्या काळचे सर्वांत महागडे गळे. सुरुवातीचं वादळ दणदणीत आहे, छोट्या रेकॉर्डर-बासरीनं पक्ष्याचा आवाज काढणारी आरिया मोहक आहे. पण हा राजा कुणीही राजा असता तरी चाललं असतं.

रिचर्ड संगीतात खरा पोचतो तो ग्रेत्रीच्या ऑपेरात. 'रिचर्ड सिंहहृदयी', संहिता सदेनची, पॅरिस, २१ ऑक्टोबर १७८४. आंधळ्याचं सोंग घेतलेला ब्लॉन्देल किल्ल्याबाहेर व्हायोलिनवर एक साधी चाल वाजवतो. राजानंच ती प्रेयसीसाठी रचलेली. दुसऱ्या अंकात ब्लॉन्देल ती गातो आणि आतून राजाचा आवाज पुढची ओळ उचलतो. ग्रेत्रीनं ही चाल मुद्दाम जुन्या वळणाची बांधली आणि ऑपेराभर ती पुन्हापुन्हा, दर वेळी थोडी बदलून आणली. वाग्नरच्या कितीतरी आधी एक सूर इथं कथेचा धागा होतो. बेथोवननं पुढे याच चालीवर पियानोसाठी आठ व्हेरिएशन्स लिहिली.

याच ऑपेरात ब्लॉन्देल, साऱ्या जगानं टाकलेल्या आपल्या राजाला हाक घालतो. १ ऑक्टोबर १७८९ ला व्हर्सायच्या नाट्यगृहात शाही अंगरक्षकांची मेजवानी होती. सोळावा लुई आणि राणी आत आले आणि वाद्यवृंदानं नेमकी हीच आरिया धरली. बातमी पॅरिसला पोचली. तिथं पाव मिळत नव्हता. ५ तारखेला बायकांचा मोर्चा व्हर्सायवर गेला, ६ ला राजघराणं पॅरिसला आणलं गेलं. ती आरिया राजनिष्ठांची खूण ठरली आणि क्रांतिकाळात ऑपेराच बंद पडला. शंभर वर्षांनी चायकोव्हस्कीनं 'इस्पिकची राणी' या ऑपेरात म्हाताऱ्या काउंटेसच्या तोंडी ग्रेत्रीचीच दुसरी आरिया घातली. रात्री एकटी बसून ती तारुण्यातल्या पॅरिसची आठवण म्हणून पुटपुटते, आणि काही क्षणांत तिच्यावर पिस्तूल रोखलेलं असतं.

एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी रिचर्डला घरोघर नेलं. शूमाननं १८४० मध्ये ब्लॉन्देलवर गीत लिहिलं. स्कॉटच्याच कादंबरीवरचा सलिव्हनचा ऑपेरा 'आयव्हॅन्हो' १८९१ मध्ये सलग दीडशेहून जास्त वेळा झाला आणि नंतर जवळपास विसरला गेला.

मला मात्र १९३८ चा कॉर्नगोल्ड महत्त्वाचा वाटतो. 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटात रिचर्ड वेष पालटूनच देशात शिरतो. व्हिएन्नात वाढलेला ज्यू संगीतकार एरिख कॉर्नगोल्ड त्याच्या संगीतासाठी हॉलिवुडला आला आणि मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळलं. घर जप्त झालं. रॉबिन हूडनं माझा जीव वाचवला, अशा अर्थाचं तो पुढे सांगत असे. ज्या शहराजवळ रिचर्ड घरी परतताना पकडला गेला, त्याच शहरात कॉर्नगोल्डला युद्ध संपेपर्यंत परतता आलं नाही. या संगीताला ऑस्कर मिळालं. रिचर्ड आपली ओळख उघड करतो तो प्रसंग हे ठाऊक असताना पाहावा. ब्रास वाद्यांच्या त्या गजरात घरी पोचण्याची आस किती आहे ते तेव्हा कळतं.

नव्यानं ऐकणाऱ्यानं आधी राजाचं स्वतःचं गाणं ऐकावं, तेही एकट्या आवाजातलं, आणि लगेच ग्रेत्रीचा दुसरा अंक लावावा. हँडेल सवडीनं ऐकला तरी चालेल.